दोन बोटं

वडगावात पाणी पाचव्या दिवशी येतं,
पहाटे साडेतीनला,
मी चावी फिरवली की.
लोखंडी चावी, माझ्या छातीएवढी उंच.
चौदा आटे डावीकडे, आणि गल्लीत कळश्या वाजू लागतात.

त्या मंगळवारी भारता अष्टेकरच्या कळशीत
जांभळं पाणी पडलं.
फिकट नव्हे. वांग्याच्या सालीसारखं.
"मेत्री, हे काय सोडलास रं?"
जसा काही मीच राकसकोपला जाऊन
तळ्यात दौत उपडी करून आलो होतो.
कन्नड शाळेच्या बाई बाटली उजेडात धरून उभ्या:
"नीरु एल्लि केट्टितु?"
पाणी कुठं नासलं, तेच मलाही शोधायचं होतं.

दर नळाशी थांबत, हुंगत,
उताराकडून चढाकडे गेलो.
रुद्राप्पा कामकरच्या दारात वास पक्का झाला.
लाईट नव्हती, चारी माग गप्प.
रंगाच्या हौदात सूत मुरत घातलेलं,
आणि सुताशेजारी, पार तळाला टेकलेली,
नळाची हिरवी रबरी नळी.

"नळातनं हौदात पाणी येतंय की," रुद्राप्पा म्हणाला.
"हौदातनं नळात कसं जाईल?"
सगळ्यांना असंच वाटतं. मलाही वाटायचं,
एकवीस वर्षांमागं, कामावर लागलो तेव्हा.
पाणी शब्दाला जागत नाही, दाबाला जागतं.
सोमवारी रात्री खालच्या कोपऱ्यावर पाईप फुटला,
मी मेन बंद केला,
होतं नव्हतं ते पाणी खड्ड्यातून वाहून गेलं,
आणि रिकाम्या पाईपानं मागं श्वास ओढला.
नळीचं तोंड रंगात होतं.
नळानंच रंग प्याला.

रुद्राप्पानं नळी अशी उपसली,
जशी चोराच्या हातातून किल्ली.
मी त्याच्या जोडणीवर नॉन-रिटर्न चढवला, पितळी;
आत नखाएवढी झडप,
जाणाऱ्याला वाट, परतणाऱ्याच्या तोंडावर दार.
पण झडपेत वाळूचा कण अडकतो. रबर झिजतं.
पितळ तर एखाद्या रात्री भंगारवाल्याकडे पोचतं.
फुकटातला उपाय वेगळा आहे:
नळीचं तोंड हौदाच्या काठावर ठेव, पाण्यात नको.
"किती वर?"
मधे हवा राहील इतकं. हवेतून काही परत चढत नाही.
मी दोन बोटं आडवी धरून दाखवली.

आणि हात तसाच राहिला.

स्टँडाजवळच्या एका हॉटेलात, नाव नाही सांगत,
माझ्या वडिलांना असंच पाणी मिळायचं.
ओंजळ खाली, तांब्या वर,
मधे हवा, मोजून.
कोपरावरून ओघळ, सदरा ओला,
घसा तसाच.
ओतणाऱ्याला भीती, ओंजळीतून धार धरून
काहीतरी उलटं वर चढेल.
काही चढत नव्हतं.
इथं खरंच चढलं, कळशीभर, जांभळं,
आणि महिनोन् महिने नळी तळाला टेकून
सगळे निवांत झोपले होते.

तेच अंतर. ते आठवलं की अजून दात आवळतात.
आणि तेच मी दारोदार शिकवत फिरतो.

"एवढं बास?" रुद्राप्पानं विचारलं.
मी बोटं मिटली. भिंतीत खिळा ठोकला,
नळी तारेनं बांधली, काठापेक्षा चांगली वीतभर वर.
दोन बोटांवर माझा भरवसा राहिला नव्हता.

मग मेन धुवायला सोडला.
गटारात अर्धा तास जांभळं,
नंतर गुलाबी, नंतर नुसतंच पाणी.
भारतानं आतून पेला आणला, नळाखाली भरला,
माझ्या हातात दिला. हातात.
मी काठाला ओठ लावून एक घोट घेतला.
वास अजून होता, पुसट.
"आज पिऊ नका कुणी," म्हटलं,
"उद्या नमुना नेतो."
पेला विसळायला मी नळाकडे वळलो,
तर ती म्हणाली, "असू दे, ठेव तिथंच."